सेंट्रल हीटिंग : परतीचे पाणी जितके गार, तितकी गॅसची बचत

पागोळी

नमस्कार. गेले दोन हिवाळे आमच्या घरातील सेंट्रल हीटिंगने आम्हाला जेरीस आणले होते. या हिवाळ्यात त्यातून बरीचशी वाट सापडली आहे, म्हणून हा धागा काढते आहे. घर दुमजली आहे, नऊ रेडिएटर (आतून गरम पाणी फिरून खोली तापवणारी धातूची उपकरणे) आहेत, स्वयंपाकघराच्या भिंतीवर गॅसचा कंडेन्सिंग बॉयलर आहे आणि खोली ठरलेल्या तापमानाला पोहोचली की बॉयलर थांबवणारा थर्मोस्टॅट खालच्या दिवाणखान्यात आहे. बॉयलरच्या बरोबर वर असलेली लहान खोली इतकी तापायची की ऐन थंडीत तिची खिडकी उघडावी लागायची, आणि दिवाणखान्यात मात्र आम्ही संध्याकाळी पायांवर पांघरूण घेऊन बसायचो. थर्मोस्टॅट २१ अंशांवर लावलेला असायचा, खोली १७-१८ च्या वर जायची नाही, त्यामुळे बॉयलर थांबायचे नाव घेत नसे.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही एका तंत्रज्ञांना बोलावले. त्यांनी बॉयलरच्या पाण्याचे तापमान ८० अंशांवर नेले, पंप सर्वांत जास्त वेगावर ठेवला आणि आता घर तापेल असे सांगून ते गेले. दिवाणखाना होता तसाच राहिला, तापली ती पुन्हा वरची लहान खोलीच. पाइपांतून रात्रभर पाण्याची सळसळ ऐकू येऊ लागली आणि गॅसचा मीटर पूर्वीपेक्षा जोरात पळू लागला. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण घरात एकीकडे उकडते आणि दुसरीकडे गारठते तेव्हा उष्णता कमी पडत नसते, तिची वाटणी चुकलेली असते, हे तेव्हा आम्हा दोघांच्याही लक्षात आले नाही.

या वर्षी थंडी सुरू झाल्यावर एका संध्याकाळी मी बॉयलरखालचे पाइप हाताने चाचपून पाहिले. एका पाइपातून तापलेले पाणी रेडिएटरांकडे जाते आणि दुसऱ्यातून ते उष्णता देऊन परत येते, एवढे मला माहीत होते. जाणाऱ्या पाइपाला हात लागणार नाही हे अपेक्षितच होते, पण परतीच्या पाइपावरही मला हात ठेववेना. म्हणजे पाणी घरभर फिरून जवळजवळ तेवढेच गरम परत येत होते.

याचा अर्थ समजून घेण्यासाठी मी थोडे वाचन केले, आणि जे कळले ते मला फार महत्त्वाचे वाटते. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. एक घनमीटर गॅसमागे जवळपास दीड लिटर पाणी वाफेच्या रूपाने धुराबरोबर बाहेर जायला निघते. ही वाफ बॉयलरच्या आतच थंड होऊन तिचे पाणी झाले, तर तिच्यात दडलेली उष्णता परत मिळते, आणि ती गॅसच्या एकूण उष्णतेच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी असते. कंडेन्सिंग बॉयलर याचसाठी बनवलेला असतो. पण वाफेला थंड करण्याचे काम करते ते परतीचे पाणी. ते सुमारे ५५ अंशांपेक्षा गरम असेल तर वाफ निवतच नाही आणि आपण महागडा बॉयलर घेऊनही ती सारी उष्णता धुराड्यातून बाहेर सोडून देतो. ५५ ही केवळ सुरुवातीची पायरी आहे. पाणी त्याहून जितके गार परत येईल तितकी जास्त वाफ निवते.

आमच्या बॉयलरला एक पांढरा प्लास्टिकचा बारीक पाइप आहे, तो भिंतीतून बाहेर जाऊन सांडपाण्याच्या जाळीवर सुटतो. निवलेल्या वाफेचे पाणी त्यातून पडायला हवे. बॉयलर तासभर चालू असताना मी बाहेर जाऊन पाहिले, तर पाइपाचे तोंड कोरडे होते. मग मी बॉयलरचे तापमान ८० वरून ६० वर आणले, पंपाचा वेग एक पायरी उतरवला आणि वरच्या लहान खोलीतील रेडिएटरचा परतीच्या बाजूचा व्हॉल्व्ह बराचसा बंद केला. दोन दिवसांनी पाइपाच्या टोकाला थेंब लटकताना दिसला, आणि तो पडण्याआधीच मागे दुसरा येऊन उभा होता. मला झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही.

दिवाणखाना आता १९ पर्यंत येतो. पण सकाळी घर तापायला फार वेळ लागतो, दोन खोल्या अजून नीट जमलेल्या नाहीत, आणि तापमान आणखी खाली न्यावे की नाही हे ठरत नाही. ज्यांनी हे सर्व केले आहे त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

चौकट

फार उपयुक्त धागा. माझी एक शंका आहे. पाण्याचे तापमान कमी केले की रेडिएटरही कमी उष्णता देणार. मग बॉयलर जास्त वेळ चालणार. एकूण खर्च तोच राहणार नाही का?

तुळई

चौकट, प्रश्न रास्त आहे. घराला किती उष्णता लागते हे बाहेरची थंडी, आतले तापमान आणि भिंती-खिडक्यांतून होणारी गळती यांवर ठरते. ती उष्णता दोन तासांत दिली काय आणि पाच तासांत दिली काय, मागणीत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो ती उष्णता निर्माण करण्यासाठी जाळाव्या लागणाऱ्या गॅसमध्ये. बॉयलर जास्त वेळ पण मंद ज्योतीवर चालतो, धूर जास्त निवतो, म्हणून तेवढ्याच उष्णतेसाठी कमी गॅस लागतो. बॉयलर किती तास चालू होता हे पाहून खर्चाचा अंदाज बांधणे ही फार मोठी चूक आहे. मीटरच पाहावा.

रेडिएटर किती उणा पडेल याचा हिशेब करता येतो. रेडिएटरची छापील क्षमता साधारणपणे ७५ अंशांचे पाणी जाऊन ६५ चे परत येते आणि खोली २० अंशांवर आहे असे धरून दिलेली असते. म्हणजे रेडिएटरचे सरासरी तापमान खोलीपेक्षा ५० अंशांनी जास्त. पाणी ५५ ने गेले आणि ४५ ने परतले तर हा फरक ३० उरतो, आणि क्षमता जवळपास निम्मी होते. हे वाचून घाबरायला होते, पण बहुतेक घरांत रेडिएटर गरजेपेक्षा मोठे बसवलेले असतात, आणि ते ज्या कडाक्याच्या थंडीसाठी निवडलेले असतात तसे दिवस वर्षात मोजकेच येतात. बाकीच्या दिवसांत निम्मी क्षमता पुरते. न पुरेल त्या आठवड्यात तापमान पाच अंश वाढवावे आणि थंडी ओसरली की पुन्हा उतरवावे. ते बटण त्यासाठीच आहे.

पागोळी, सकाळी वेळ लागतो त्यावर उपाय एवढाच की टायमर आधी सुरू करावा. आमच्याकडे पूर्वी उठण्याआधी पाऊण तास बॉयलर चालू व्हायचा, आता दोन तास आधी होतो.

आता तुम्ही अर्धवट सोडलेल्या कामाकडे वळतो, ते म्हणजे रेडिएटरांचे बॅलन्सिंग, प्रत्येकाला योग्य तेवढेच पाणी जाईल अशी वाटणी. प्रत्येक रेडिएटरला खाली दोन व्हॉल्व्ह असतात. एकावर आकड्यांची गोल मूठ असते, ती आपण रोज फिरवतो. दुसऱ्यावर साधे प्लास्टिकचे टोपण असते आणि त्याखाली पान्याने फिरवायचा दांडा असतो. तो कोणी फिरवत नाही, कित्येकांना तो आहे हेही माहीत नसते, आणि घराचे सगळे संतुलन त्याच्यावर अवलंबून असते. पाणी सर्वांत सोपी वाट धरते. बॉयलरच्या जवळचा रेडिएटर पूर्ण उघडा असेल तर पंपाने ढकललेले बहुतेक पाणी त्यातूनच धावत परत येते, जवळजवळ न निवता. तुमच्या परतीच्या पाइपाला हात लागत नव्हता तो यामुळेच. पंपाचा वेग वाढवल्याने ती धाव आणखी वाढली.

मी हे काम एका सुटीच्या दिवशी सकाळी, सगळे रेडिएटर पूर्ण गार असताना सुरू केले. आकड्यांच्या सर्व मुठी पूर्ण उघडल्या, टोपणाखालचे सर्व व्हॉल्व्हही पूर्ण उघडले, बॉयलर चालू केला आणि कोणता रेडिएटर कोणत्या क्रमाने तापतो हे कागदावर लिहून ठेवले. त्या क्रमाने, सर्वांत आधी तापणाऱ्यापासून सुरुवात करून, टोपणाखालचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला आणि पाव ते अर्धा आटा उघडला. पुढच्यांना थोडे थोडे जास्त, आणि सर्वांत शेवटी तापणारा पूर्ण उघडा ठेवला. मग चिमट्याचे दोन थर्मामीटर रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या पाइपांवर लावून फरक पाहत गेलो. १५ ते २० अंशांचा फरक मिळाला की पाणी रेडिएटरमध्ये रेंगाळते आहे आणि उष्णता देऊन जाते आहे असे समजावे. एक व्हॉल्व्ह हलवला की बाकी सगळ्यांवर थोडा परिणाम होतो, म्हणून प्रत्येक फेरफारानंतर वीस मिनिटे थांबावे लागते. मला पूर्ण दिवस लागला आणि पुढच्या रविवारी पुन्हा एक फेरी मारावी लागली. आटे किती उघडले ते त्याच कागदावर लिहून कागद बॉयलरशेजारी चिकटवून ठेवा; पुढे कधी रेडिएटर काढावा लागला तर हा कागद सोन्यासारखा आहे.

ओसरी

तुळई यांनी लिहिलेल्या पद्धतीत एक भर घालते. ज्या खोलीत थर्मोस्टॅट आहे तेथील रेडिएटरची आकड्यांची मूठ नेहमीसाठी पूर्ण उघडी ठेवावी. नाहीतर ती मूठ १९ अंशांना पाणी अडवते, थर्मोस्टॅट २१ ची वाट पाहत बसतो आणि बॉयलर विनाकारण चालू राहतो.

या मुठीबद्दलही बराच गैरसमज दिसतो. अनेक जण तिला नळ समजतात आणि खोली लवकर तापावी म्हणून ५ वर नेतात. तिच्या आत मेणाची किंवा द्रवाची एक कुपी असते. खोलीतील हवा तापली की कुपी फुगते आणि खालची पिन दाबून पाणी अडवते; हवा गार झाली की पिन पुन्हा वर येते. आकडा सांगतो तो खोली कुठे थांबावी एवढेच, आणि ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर नेल्याने २० पर्यंतचा प्रवास जराही लवकर होत नाही, फक्त २० ला पाणी अडवले जात नाही. आणखी एक, लांब पडदा मुठीवरून खाली आला तर कुपीभोवती गरम हवा कोंडते, खोली गारच असते आणि मूठ मात्र पाणी बंद करून बसते. आमच्या शयनगृहात तीन वर्षे हेच चालले होते. पडदा वीतभर आखूड केला आणि खोली सुधारली.

उन्हाळ्यात या मुठी पूर्ण उघड्या ठेवाव्यात. बंद ठेवल्या तर पिन दाबलेल्या अवस्थेतच अडकते आणि पहिल्या थंडीत रेडिएटर गार राहतो. तसे झाल्यास मूठ काढून पिन बोटाने किंवा लाकडाच्या तुकड्याने हलकेच चार-सहा वेळा आत ढकलून सोडावी. पकडीने ओढू नये, पाणी बाहेर येऊ शकते.

पहाटवारा

आम्ही हीटिंग दिवसरात्र एकाच तापमानावर ठेवतो. घर एकदा गार झाले की ते पुन्हा तापवायला जास्त गॅस लागतो, असे आम्हाला घर विकणाऱ्यांनी सांगितले होते आणि ते पटण्यासारखे आहे.

तुळई

पहाटवारा, ही समजूत फार पसरलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घरातून उष्णता बाहेर जाण्याचा वेग आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असतो. बाहेर ५ अंश आणि आत २१ असतील तर फरक १६. आत २० केले तर फरक १५. म्हणजे एका अंशाने गळती सोळाव्या हिश्शाने, सुमारे ६ टक्क्यांनी घटली. रात्रभर घर १७ वर आले तर तेवढा वेळ गळती कमीच राहिली. सकाळी पुन्हा तापवताना आपण जी उष्णता देतो ती रात्री भिंतींनी सोडलेली उष्णता असते, आणि ती रात्री आपण बॉयलरकडून घेतली नव्हती. हिशेब बरोबरीचा झाला असे धरले तरी कमी फरकामुळे वाचलेली गळती उरतेच. ती नफा आहे.

मात्र एका परिस्थितीत तुमचे म्हणणे अंशतः खरे ठरते. सकाळी घर झटपट तापवण्यासाठी जर बॉयलर ८० अंशांवर दौडवावा लागत असेल, तर वाफ निवण्याचा फायदा त्या दोन तासांत बुडतो. म्हणून रात्री हीटिंग पूर्ण बंद न करता तीन-चार अंश खाली ठेवावे आणि सकाळी कमी तापमानाच्या पाण्याने सावकाश वर आणावे, हा मध्यम मार्ग मला सर्वांत बरा वाटतो.

कोनाडा

सर्वांना नम्र पण ठाम विनंती आहे की तापमान उतरवण्यापूर्वी आपल्या घरात आंघोळीचे गरम पाणी कसे तयार होते ते नीट पाहावे. ज्यांच्याकडे टाकी नाही आणि बॉयलर नळ उघडल्यावर जागच्या जागी पाणी तापवतो, त्यांच्या बॉयलरवर रेडिएटरचे आणि नळाचे तापमान वेगवेगळे लावता येते. त्यांनी रेडिएटरचे निश्चिंतपणे कमी करावे.

ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी आहे त्यांनी टाकीतील पाणी ६० अंशांपर्यंत तापलेच पाहिजे हे विसरू नये. साधारण २० ते ४५ अंशांच्या कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हे जिवाणू वाढतात, आणि शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसांत गेले तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. काही जुन्या जोडण्यांत रेडिएटर आणि टाकी या दोन्हींसाठी बॉयलरला एकच तापमान असते. अशा घरी ते ६५ च्या खाली आणू नये, कारण ५५ अंशांचे पाणी टाकीला ६० पर्यंत कधीच नेणार नाही. घरात लहान मूल किंवा वृद्ध असतील तर भाजू नये यासाठी नळापाशी गरम आणि गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. टाकी गार ठेवणे हा त्यावरचा उपाय नाही.

शेकोटी

पागोळी यांनी थेंब पाहून आनंद झाल्याचे लिहिले आहे, ते वाचून मला आमचा थेंब आठवला आणि एक सावधगिरी सांगावीशी वाटली. भिंतीतून बाहेर येणारे पाइप दोन असतात. पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपातून पाणी पडणे चांगले. तांब्याच्या पाइपातून पडणे वाईट. तो सुरक्षा-व्हॉल्व्हचा असतो आणि आतला दाब ३ बारपर्यंत चढला की त्यातून यंत्रणेतील पाणी बाहेर फेकले जाते.

आमच्याकडे गार असताना दाब दीड बार असायचा, बॉयलर तापला की काटा ३ ला टेकायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो अर्ध्या बारवर आलेला असायचा. बॉयलर दाब कमी असल्याचे दाखवून बंद पडे, मी खालची तोटी उघडून पाणी भरत असे. हे दर आठवड्याला, वर्षभर. मला वाटायचे, पाणी भरले की काम झाले. खरा दोष प्रसरणपात्रात होता. पाणी तापले की फुगते, त्या वाढीव पाण्याला सामावून घेण्यासाठी त्या पात्रात पडद्यामागे हवा असते. ती हवा गेली होती, म्हणून फुगलेले पाणी बाहेर पडत होते. तंत्रज्ञांनी तासाभरात दुरुस्ती केली.

पण वर्षभर भरलेल्या ताज्या पाण्याने आपले काम केलेले होते. ताज्या पाण्यात प्राणवायू असतो, तो पोलादी रेडिएटरांना आतून गंजवतो. यंत्रणेतले जुने पाणी प्राणवायू संपलेले आणि म्हणून निरुपद्रवी असते. ते वारंवार बदलणे हेच घातक. दिवाणखान्यातील रेडिएटर वर गरम आणि खाली मध्यभागी थंडगार लागू लागला. तो काढून अंगणात उलटा केला तेव्हा आतून शाईसारखे काळे पाणी आले. मी थोडे पाणी पांढऱ्या वाडग्यात घेतले आणि बाहेरून लोहचुंबक फिरवला, तर तळाचा काळा गाळ चुंबकाच्या मागे मागे वाडग्याच्या कडेने चढू लागला. तो आमच्याच रेडिएटरांचे लोखंड होते.

त्यानंतर सारी यंत्रणा धुऊन घेतली, गंजरोधक द्रव घातला आणि परतीच्या पाइपावर चुंबकीय फिल्टर बसवला. दरवर्षी बॉयलरच्या तपासणीच्या वेळी तो फिल्टर उघडून पाहतात. पहिल्या वर्षी चिखल निघाला, आता जेमतेम चिमूटभर निघतो. ज्यांना रेडिएटर हाताने तपासायचे असतील त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की वर गार आणि खाली गरम असेल तर हवा अडकली आहे, किल्लीने ती सोडावी आणि दाब पाहावा. खाली गार असेल तर गाळ आहे आणि किल्ली फिरवून काही होणार नाही.

चौकट

शेकोटी, आजच बाहेर जाऊन पाहिले. आमचा तांब्याचा पाइप कोरडा आहे. पांढरा मात्र मी गेल्या वर्षी बर्फाने चोंदल्याचे पाहिले होते आणि बॉयलर बंद पडला होता. त्याला काही करता येते का?

शेकोटी

हो. गोठलेल्या भागावर कोमट पाणी ओतावे, उकळते नको. नंतर बाहेरच्या भागाला पाइपाचे फोमचे आवरण घालावे आणि शक्य असल्यास तो पाइप जास्त व्यासाचा करून घ्यावा. हे पाणी किंचित आम्लधर्मी असते, म्हणून त्यासाठी धातूचा पाइप वापरत नाहीत.

पहाटवारा

तुळई यांचे म्हणणे वाचून आठवडाभर रात्री १७ अंश ठेवून पाहिले. मीटरचे आकडे कमी आले आहेत, परंतु बाहेरची थंडीही कमी होती, त्यामुळे घाईने निष्कर्ष काढत नाही. दुसरी एक अडचण मात्र जाणवली. आमचा बॉयलर दर चार-पाच मिनिटांनी पेटतो, मिनिटभर चालतो आणि विझतो. हे योग्य आहे का?

तुळई

योग्य नाही. हे मोठ्या बॉयलरचे दुखणे आहे. टाकी नसलेले बॉयलर आंघोळीच्या पाण्यासाठी मोठे घ्यावे लागतात. मिनिटाला १० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायचे तर सुमारे २४ किलोवॅट लागतात. त्याच घराला सौम्य थंडीत उब राखण्यासाठी दोन-तीन किलोवॅट पुरतात. बॉयलरची ज्योत एका मर्यादेपलीकडे बारीक होत नाही, म्हणून पाणी लगेच ठरलेल्या तापमानाच्या वर जाते आणि तो विझतो. दर वेळी पेटण्यापूर्वी पंखा आतली हवा बाहेर काढतो, तिच्याबरोबर उष्णता जाते, आणि सुट्या भागांची झीजही वाढते.

बऱ्याच बॉयलरांत हीटिंगसाठीची कमाल शक्ती वेगळी कमी करता येते. ती सेटिंग तंत्रज्ञांसाठीच्या मेनूत असते. वार्षिक तपासणीच्या वेळी त्यांच्याकडून करून घ्यावी, बॉयलरचे आवरण स्वतः उघडू नये. जळण्याशी आणि धुराड्याशी संबंधित कोणत्याही भागाला परवानाधारक माणसाशिवाय हात लावू नये, आणि बॉयलरच्या परिसरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असलाच पाहिजे. त्या वायूला वास नसतो.

तोवर एक करता येईल. बऱ्याच मुठी बंद ठेवल्या असतील तर थोड्या उघडा. दोनच रेडिएटर चालू ठेवले की बॉयलरला उष्णता द्यायला जागाच उरत नाही.

ओसरी

मुठी उघडण्याला माझेही अनुमोदन, पण वेगळ्या कारणासाठी. वापरात नसलेल्या खोल्या पूर्ण गार ठेवण्याचा मोह सर्वांना होतो. आम्ही एक खोली अशीच बंद ठेवली होती आणि वसंतात कपाट हलवले तेव्हा मागची भिंत काळ्या बुरशीने भरलेली होती. घरातील २० अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा १२ अंशांच्या भिंतीला टेकली की तेथे दंव धरते. रिकाम्या खोलीतही १५-१६ अंश राहतील एवढी मूठ उघडी ठेवावी आणि दार बंद ठेवावे, म्हणजे उबदार दमट हवा तेथे जाणार नाही. हवा बदलण्यासाठी खिडकी दिवसभर फटीएवढी उघडी ठेवण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे सताड उघडावी. हवा बदलते, भिंती गार होत नाहीत. ओले कपडे रेडिएटरवर टाकू नयेत. त्यांचे सारे पाणी घराच्या हवेतच येते.

कोनाडा

आमच्याकडे गॅस नाही, हीट पंप (बाहेरची उष्णता विजेच्या साहाय्याने घरात ओढणारे यंत्र) आहे, तरी हा धागा आम्हालाही तितकाच लागू आहे. किंबहुना जास्त. हीट पंपाचे पाणी एका अंशाने कमी केले तर विजेची सुमारे २ ते ३ टक्के बचत होते, आणि ती प्रत्येक अंशाला होते, ५५ सारखी कोणतीही सीमारेषा तेथे नाही. आम्ही ३८ अंशांवर चालवतो. मात्र तुळई यांनी सांगितलेला १५-२० अंशांचा फरक हीट पंपाला चालत नाही; त्याला जास्त प्रवाह आणि पाचेक अंशांचा फरक लागतो, म्हणून व्हॉल्व्ह बरेच उघडे ठेवावे लागतात. रात्री तापमान फार उतरवू नये, एखाद-दुसरा अंश पुरे, कारण सकाळची घाई भागवण्यासाठी तो पाणी जास्त तापवू लागतो किंवा जोडीचा विजेचा हीटर सुरू करतो.

बाहेरच्या तापमानाचा सेन्सर लावण्याची सोय गॅसच्या अनेक बॉयलरांतही असते आणि ती वापरली जात नाही याचे मला वाईट वाटते. बाहेर थंडी वाढली की पाणी आपोआप थोडे गरम, कमी झाली की गार, एवढेच ते करते. त्याचा आलेख, म्हणजे बाहेर किती थंडी असताना पाणी किती गरम करायचे हे ठरवणारी रेषा, जुळवताना घाई करू नये. कडाक्याच्या थंडीत घर कमी पडत असेल तर आलेखाचा उतार वाढवावा, सौम्य दिवसांतही कमी पडत असेल तर सबंध आलेख वर सरकवावा, आणि प्रत्येक बदलानंतर दोन दिवस काहीही हलवू नये.

पागोळी

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या तीन आठवड्यांत काय केले ते लिहिते.

तुळई यांच्या पद्धतीने नऊही रेडिएटरांचे बॅलन्सिंग केले. वरच्या लहान खोलीचा व्हॉल्व्ह आता जेमतेम पाव आटा उघडा आहे आणि तरीही ती खोली १९ वर राहते. यावरून पूर्वी किती पाणी तेथून फुकट धावत होते याची कल्पना यावी. दिवाणखान्यातील मूठ पूर्ण उघडी केली आणि सोफा रेडिएटरपासून दोन हात पुढे ओढला. आमच्याकडे टाकी नाही, त्यामुळे तापमान निश्चिंतपणे ५५ वर आणले. परतीच्या पाइपावर चिमट्याचा थर्मामीटर कायमचा लावून ठेवला आहे; काल संध्याकाळी बाहेर ४ अंश असताना तो ३९ दाखवत होता आणि दिवाणखाना २० वर होता.

पहाटवारा यांनी थंडी कमी असल्याचा मुद्दा काढला तो मलाही छळत होता, म्हणून मी रोज सकाळी त्याच वेळी मीटर वाचते आणि शेजारी त्या दिवसाचे बाहेरचे सरासरी तापमान लिहिते. आतले २० वजा बाहेरचे सरासरी, असा रोजचा फरक काढून आठवड्याची बेरीज करते आणि जळलेल्या गॅसला तिने भागते. अशाने गार आठवडा आणि सौम्य आठवडा एका मापाने मोजता येतात. हे आकडे थंडीच्या सुरुवातीपासून, म्हणजे ८० अंशांच्या दिवसांपासून, माझ्याकडे आहेत आणि ते सातत्याने उतरत आहेत. पहाटवारा, तुम्हीही हाच हिशेब करून पाहावा.

एक खोली अजून बाकी आहे. न्हाणीघरातील शिडीसारखा रेडिएटर ५५ अंशांना फारच कमी पडतो, आणि त्याची क्षमता पाहिली तर ती मुळातच खोलीच्या गरजेपेक्षा कमी आहे. त्यासाठी सगळ्या घराचे पाणी पुन्हा गरम करायचे नाही असे ठरवले आहे. त्या जागी कोणता रेडिएटर बसेल याची मापे घेतली आहेत, उद्या चित्रासह येथेच टाकते. जाणकारांनी पाहून सांगावे.